मदत हवी आहे: क्लब सामन्याच्या वहीत 206 की 210? बेरीज जुळत नाही

वहीवाला

रविवारच्या 35 षटकांच्या साखळी सामन्याची वही उद्या संध्याकाळपर्यंत सचिवांकडे द्यायची आहे आणि पहिल्या डावाचा हिशोब लागत नाहीये. वहीत आहे ते जसंच्या तसं देतो.

फलंदाज (10 जण, 8 बाद): 178
अवांतर (बॅटने न काढलेल्या धावा): बाय 9, लेगबाय 6, वाइड 10, नोबॉल 7, एकूण 32
म्हणजे 210.

गोलंदाज, प्रत्येकी 7 षटकं: 38 धावांत 2, 44 धावांत 1, 31 धावांत 3, 40 धावांत 1, 38 धावांत 1. एकूण 191 धावा, 8 विकेट.

एकेक आकडा खोडत जातो त्या धावांच्या पट्टीवर शेवटचा आकडा 206, धावफलकावरही 206. मध्यंतरात पंचांनी दोन्ही स्कोअररना विचारून 206च पक्के केले. दुसऱ्या संघाने 33.2 षटकांत 6 बाद 209 करून सामना जिंकला. आता पहिल्या संघाचा कर्णधार म्हणतोय, वहीत आमच्या 210 आहेत, मग आम्ही हरलो कसे?

आणखी माहिती: फलंदाजांनी खेळलेल्या चेंडूंची बेरीज 214. नोबॉल तीन पडले. बाद: 4 झेल, 2 त्रिफळा, 1 पायचीत, 1 धावचीत. चूक कुठे शोधू?

तिसरी_स्लिप

आधी गोलंदाजीच्या बाजूने बेरीज करा. गोलंदाजांच्या धावा + बाय + लेगबाय (आणि 5 धावांचा दंड झाला असेल तर तो) = एकूण. 191 + 9 + 6 = 206. पट्टीही 206 सांगते. दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा येतोय, म्हणजे फलंदाजीच्या बाजूला 4 धावा जास्त लागल्यात.

त्या कुठे लागल्या ते तुमच्याच माहितीत आहे. नोबॉल 3 आणि रकान्यात 7, हे होऊच शकत नाही. नोबॉलवर बॅटने काढलेल्या धावा फलंदाजाच्या खात्यात जातात. 2017च्या नियमांपासून नोबॉलवर पळालेल्या बाय-लेगबायही आपापल्या रकान्यात जातात. नोबॉलच्या रकान्यात दर चेंडूला फक्त 1. (तुमच्या साखळीत नोबॉलला 2 धावा असा स्थानिक नियम असेल तर 6 होतील, 7 तरीही नाही.) एखाद्या नोबॉलवर चौकार गेलाय का बघा. फलंदाजाला 4 दिले आणि अवांतरात परत 5 लिहिले, ही नेहमीची चूक. गोलंदाजाच्या चौकटीत मात्र वर्तुळात (नोबॉलची खूण) 4, म्हणजे 5 धावा, हेच बरोबर.

धावचीत गोलंदाजाच्या नावावर लागत नाही, त्यामुळे गोलंदाजांच्या विकेट 7 हव्यात. एक कुणाला तरी फुकट गेली आहे.

मला जास्त खटकतोय तो 214 हा आकडा. 35 षटकं म्हणजे 210 चेंडू. वाइड फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत धरत नाहीत, नोबॉल धरतात. 210 + 3 = 213 यायला हवे. एक चेंडू जास्त आहे. प्रत्येक षटकाच्या चौकटीत वाइड-नोबॉल सोडून खुणा मोजा. सात निघतील ते षटक इथे द्या.

वहीवाला

सापडलं! 31व्या षटकात नोबॉलवर चौकार. फलंदाजापुढे वर्तुळात 4 आहे आणि अवांतराच्या रकान्यात 5. बाकीचे दोन नोबॉल 1-1.

सात खुणांचं षटक 23वं, चौथ्या गोलंदाजाचं: टिंब (धाव नाही), 1, वाइडची फुली, त्रिकोणात 4 (म्हणजे 4 बाय), टिंब, 2, टिंब, टिंब. फलंदाजाच्या ओळीतही त्या बायसाठी एक टिंब आहे.

स्क्वेअर_लेगचा_पंच

फुली आणि त्रिकोण शेजारी-शेजारी आहेत, तिथेच थांबा. वाइड चेंडू यष्टिरक्षकाला चुकवून सीमापार गेला तर तो एकच चेंडू असतो: 5 वाइड, सगळे गोलंदाजाच्या नावावर. वाइडवर बाय नसतेच. खूण म्हणजे फुली आणि तिच्या चार कोपऱ्यांत चार टिंबं. तुमच्या वहीत त्याचे दोन चेंडू झालेत, 1 वाइड आणि 4 बाय. एकूण धावा बिघडल्या नाहीत, त्यामुळे दोन्ही बेरजांनी ही चूक गिळली. चेंडू मोजले म्हणून ती उघडी पडली.

पण लगेच खोडू नका. पंचाने मोजण्यात चूक करून खरोखरच सातवा चेंडू टाकू दिला असेल, तर नियमाने पंचाने मोजलेलं षटक ग्राह्य धरतात आणि तुमचे 214 बरोबर ठरतात. प्रतिस्पर्ध्यांच्या वहीतलं 23वं षटक बघा, त्या बाजूच्या पंचांनाही विचारा. वाइडच्या चौकाराला दोन्ही हात आडवे आणि मग चौकाराची खूण. बाय असती तर उघडा पंजा डोक्यावर गेला असता.

वहीवाला

त्यांच्या वहीत फुली आणि चार टिंबं आहेत. षटकात खुणा बरोबर सात, वाइड धरून. पंचही वाइडचा चौकार म्हणाले. धावचीत तिसऱ्या गोलंदाजाला लागली होती.

तिसरी_स्लिप

मग हे घ्या. बाय 5, लेगबाय 6, वाइड 14, नोबॉल 3, अवांतर 28. 178 + 28 = 206. चौथा गोलंदाज 44 धावांत 1, तिसरा 31 धावांत 2. गोलंदाज 195, अधिक 11, परत 206. चेंडू 213. तिन्ही बाजू बसल्या.

स्क्वेअर_लेगचा_पंच

कर्णधाराला ही बेरीज कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगू नका. त्याला शंका येणं रास्त आहे, वहीत 210 लिहिलेलं त्याने स्वतः पाहिलंय. लक्ष्य 207 होतं. 205 वर चौकार गेला असेल तर विजयी फटक्याचे चारही धरतात, म्हणून 209 हेही बरोबर.

नियम 16 प्रमाणे सामन्याअखेर पंच आणि स्कोअररनी धावसंख्या पक्की केली की निकाल बदलत नाही. त्याआधी, खेळाडू मैदान सोडून गेल्यावर, निकाल फिरवणारी चूक पंचांच्या लक्षात आली असती, तर एका संघाने हार मान्य केल्याशिवाय उरलेले 10 चेंडू खेळवावे लागले असते. इथे तसं काहीच नाही.

वहीत खोडरबर वापरू नका. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी लाल शाईने नवा आकडा, समासात षटक क्रमांक (23, 31), आणि दोन्ही स्कोअररच्या सह्या घेऊन मगच वही सचिवांकडे द्या.