गार्बातेल्ला हे 'खरे रोम' असेल, तर कोलोसियम काय खोटे आहे?

चौकस : रोमला निघालेल्या वाचकांसाठी येथे नुकत्याच आलेल्या एका लेखात असा सल्ला दिला आहे की कोलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेव्हीचे कारंजे ही पर्यटकांसाठी भरवलेली जत्रा असून ज्याला खरे रोम पाहायचे असेल त्याने मेट्रोच्या 'बी' मार्गाने कोलोसियमच्या पुढच्या तिसऱ्या स्थानकावर, गार्बातेल्ला या जुन्या कामगारवस्तीत उतरावे. तेथील वसाहतींची फाटके उघडीच असतात, तेव्हा बेधडक आत शिरावे आणि दोऱ्यांवर वाळणाऱ्या कपड्यांची छायाचित्रे घ्यावीत, असेही त्यात म्हटले आहे. ज्या माणसाने शेंगेन व्हिसासाठी बँकेच्या कागदांची चळत जमवली, मोठ्या मिनतवारीने रजा मिळवली आणि बहुधा आयुष्यात एकदाच रोमला जायचे ठरवले, त्याला कोलोसियम पाहण्याबद्दल ओशाळवाणे वाटायला लावण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला? शिवाय ती अंगणे लोकांची घरे आहेत. 18 फेब्रुवारी 1920 रोजी राजा तिसरा व्हित्तोरियो एमानुएले याने या वसाहतीची कोनशिला बसवली. बेनेदेत्तो ब्रिन चौकातल्या त्या कोनशिलेवर कामगारांना शांत आणि आरोग्यदायी निवारा देण्याचा हेतू कोरला आहे. आपल्या कॅमेऱ्यांची सोय करण्याचा नाही.

पायवाट : तो लेख माझा आहे. कोलोसियमला जाऊ नका, असे मी कोठेही लिहिलेले नाही. तेथे जाऊन लोक मान वर करून पाहतातही कमी आणि स्वतःचेच फोटो अधिक काढतात, एवढेच माझे म्हणणे होते. गुस्ताव्हो जोव्हान्नोनी आणि मार्चेल्लो पियाचेन्तिनी या वास्तुविशारदांनी इंग्लंडमधील उद्याननगरीची, म्हणजे बागांमध्ये वसवलेल्या घरांची कल्पना समोर ठेवून आखलेली ही वसाहत आहे. सरकारी कामगार-घरांच्या दारांवर कमानी आणि नक्षी, घरांच्या मधोमध सामाईक बाग आणि कपडे वाळवण्याची जागा, हे सगळे तिकीट न काढता पाहायला मिळते. कित्येक वसाहतींमधून स्थानिक लोकच आडवाटेने ये-जा करतात. नको असेल तर त्यांनी फाटक लावून घ्यावे.

गिरगावकर : 'फाटक लावून घ्यावे' हे वाक्य ज्याने लिहिले तो चाळीत कधी राहिलेला नसावा. आमच्या चाळीच्या चौकात एकदा एक परदेशी जोडपे शिरले आणि माझी आजी नळावर कपडे पिळत असताना त्यांनी न विचारता तिचे फोटो काढले. आजी नऊवारीचा पदर सावरत आत गेली आणि त्या दिवशी पुन्हा नळावर आली नाही. दार उघडे होते, कारण आमच्याकडे दार लावून घेण्याची रीत नव्हती. पायवाट यांनी स्वतःच्या सोसायटीत दहा इटालियन पर्यटक बोलवावेत आणि त्यांना गॅलरीतील कपड्यांचे फोटो घेऊ द्यावेत. मग आपण पुढे बोलू.

शाकाहारी_प्रवासी : सगळे बागा आणि कमानींविषयी बोलत आहेत, पण खायचे काय, हे कोणी सांगत नाही. रोमच्या पेकोरिनो चीजमध्ये कोकराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारे विरजण) असते, म्हणजे चीज आणि मिऱ्याच्या ज्या पास्त्याला, काचो-ए-पेपेला, सगळे प्रवासलेखक डोळे मिटून शाकाहारी म्हणतात, तो पदार्थही बाद. निदान तेवढे तरी लेखात हवे होते.

शिस्तप्रिय : मूळ मुद्दा सगळ्यांनीच टाळलेला दिसतो. ही वसाहत मुसोलिनीच्या काळात उभी राहिली. हुकूमशहा असला, तरी त्याने गरिबाला बागेसकट घर दिले, हे मान्य करायला एवढे जड का जावे?

वास्तुरेषा : कारण ते खरे नाही. कोनशिला फेब्रुवारी 1920 मधली आहे आणि ज्यामुळे मुसोलिनीला सत्ता मिळाली तो फाशिस्टांचा रोमवरील मोर्चा ऑक्टोबर 1922 मधला. बागेतली ती बैठी, देखणी घरे आखली गेली तेव्हा मुसोलिनी सत्तेच्या आसपासही नव्हता. श्रेय वाटायचेच असेल, तर ते रोमच्या लोकगृह संस्थेला आणि जोव्हान्नोनींना द्यावे.

शिस्तप्रिय : तारखा मलाही वाचता येतात. वास्तुविशारद इन्नोचेन्त्सो साब्बातिनी यांचे तेथील पल्लादियुम नाट्यगृह, त्यांचेच घड्याळाच्या मनोऱ्याचे 'लाल हॉटेल', आणि 1929 मध्ये रोममध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय गृहनिर्माण परिषदेच्या निमित्ताने बांधलेली 24 क्रमांकाची वसाहत, हे सर्व कोणाच्या राजवटीत झाले? पर्यटक आज ज्याचे फोटो काढतात त्यातील निम्मे तरी यातलेच असेल.

वास्तुरेषा : आपण उदाहरण फार चांगले निवडलेत. ते 'लाल हॉटेल' प्रवाशांसाठी नव्हते; जुन्या रोमची मध्यवस्ती पाडून जे लोक बेघर केले त्यांना ठेवण्यासाठी ते होते. राजवटीला प्राचीन अवशेषांभोवती मोकळी, भव्य दृश्ये हवी होती, म्हणून शतकानुशतके तेथे राहणारी कुटुंबे शहराच्या कडेला हलवली गेली. 1932 मध्ये पियाझ्झा व्हेनेत्सिया या चौकापासून कोलोसियमपर्यंतचा जो रस्ता थाटात उघडला, तोही आलेस्सान्द्रिनो ही अख्खी वस्ती उखडूनच. गार्बातेल्लात पुढे घरांची संख्या वाढली, मजले वाढले आणि बाग आक्रसत गेली. त्याहून वाईट पाहायचे असेल, तर क्रिस्तोफोरो कोलोम्बो मार्ग ओलांडून शेजारच्या तोर मारान्चाला जावे. तेथील दाटी आणि पाणी तुंबणे पाहून लोकांनी तिला 'शांघाय' हे नाव दिले होते. बागेसकट घर दिले म्हणे!

रोमस्थित : मी शेजारच्या ओस्तिएन्से भागात राहतो, म्हणून थोडे बोलतो. ज्या पुलावरून मी मेट्रोचे रूळ ओलांडून गार्बातेल्लात जातो तो 2012 मध्ये खुला झाला आणि त्याला सेत्तिमिया स्पित्सिकिनो यांचे नाव आहे. 16 ऑक्टोबर 1943 रोजी नाझींनी रोममधून धरून नेलेल्या एक हजाराहून अधिक ज्यूंपैकी परत आलेल्या त्या एकमेव स्त्री. हुकूमशाहीचे कौतुक करणाऱ्यांनी त्या पुलावर उभे राहून ते करून पाहावे. ही वस्ती जुन्या डाव्यांची मानली जाते, तरी पुढे इटलीच्या पंतप्रधान झालेल्या उजव्या नेत्या जॉर्जा मेलोनी याच वस्तीत वाढल्या, तेव्हा तिला कोणत्याही एका रंगात रंगवणे व्यर्थ आहे. चौकस यांच्या मुद्द्यालाही माझा पूर्ण पाठिंबा नाही. फोरो (प्राचीन रोमचा चौक) आणि व्हॅटिकनमधील पुतळे पाहून ज्यांचे डोळे थकतात, त्यांनी जवळच्या मोन्तेमार्तिनी संग्रहालयात अवश्य जावे. 1912 मध्ये सुरू झालेल्या जुन्या वीजकेंद्रात, डिझेल इंजिनांच्या पुढ्यात संगमरवरी देवता उभ्या आहेत, आणि कोणाच्या अंगणात न शिरता ते पाहता येते. मला राग येतो तो भाड्यांचा. अशा कौतुकाच्या लेखांमागोमाग अल्पमुदतीच्या भाड्याची घरे वाढतात, आणि माझ्या घरमालकाने नव्या कराराच्या वेळी जो आकडा सांगितला तो ऐकून मी जिन्यातच बसलो.

शिस्तप्रिय : पुलाचा आणि घरांचा संबंध जोडणे ही भावनिक दमदाटी आहे. तरीही तारखांपुरते वास्तुरेषा यांचे म्हणणे मान्य. घरे सुंदर आहेत, यावर त्यांनीही एकदा सही करावी.

वास्तुरेषा : 1922 पर्यंतच्या घरांवर आनंदाने सही करतो.

चौकस : मोन्तेमार्तिनीला आणि तेथून संत पावलाच्या बॅसिलिकेला जाणारा दिवस मला मान्य आहे, वाटेत गार्बातेल्लाच्या रस्त्यांवरून हिंडण्यासही माझी हरकत नाही. अंगणाबाबत मात्र मी तसूभरही हलणार नाही.

पायवाट : थोर न्यायाधीशांच्या आदेशावरून लेखातील 'बेधडक' हा शब्द काढून 'रहिवाशांना विचारून' असे घातले आहे. 'खरे रोम' मात्र राहील, कारण तो माझा लेख आहे. गिरगावकरांच्या आजींना माझा नमस्कार सांगावा.

रोमस्थित : दुपारी दोन ते चार या वेळेत कोणालाही काहीही विचारायला जाऊ नये, हेही त्यात घाला. तेवढा वेळ तेथे लोक झोपतात.