क्रूझवर रात्रीचं जेवण: ठरलेली वेळ की वाटेल तेव्हा?

निळाई:
क्रूझ बुक करताना रात्रीच्या जेवणाचा पर्याय बरेच जण फारसा विचार न करता निवडतात, आणि 'वाटेल तेव्हा जेवा' हा निवडून मोकळे होतात. माझं मत स्पष्ट आहे. बरोबर वयस्कर माणसं असतील किंवा कोणी शाकाहारी, जैन, ॲलर्जीवालं असेल, तर हा पर्याय घेऊ नये.

माहीत नसणाऱ्यांसाठी: जुन्या पद्धतीत मोठ्या डायनिंग रूममध्ये दोन पंगती बसतात. पहिली साडेपाच-सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. सगळे दिवस टेबल तेच, वेटरही तोच. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' आणून ही चौकट मोडली. रॉयल कॅरिबियनचं 'माय टाइम', कार्निव्हलचं 'युअर टाइम' हे त्याच वाटेवरचे.

आता शाकाहारी माणसाचं बघा. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. सूपचा स्टॉक कशाचा, पुडिंगमध्ये जिलेटिन आहे का, सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही (छोटे मासे) आहे का, हे रोज नव्या वेटरला पहिल्यापासून विचारत बसायचं. ठरलेल्या टेबलावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून ते विचारावं लागत नाही. हेडवेटरला सांगून ठेवलं तर तो उद्याचं मेन्यूकार्ड आजच आणून दाखवतो, आपण खुणा करायच्या, स्वयंपाकघराला पूर्ण दिवस मिळतो. बऱ्याच जहाजांवर भारतीय स्वयंपाकी असतात. आदल्या रात्री सांगितलं तर मेन्यूत नसलेलं डाळ-भात-भाजीही पुष्कळदा टेबलावर येतं. हे सगळं एका वेळेच्या सोयीसाठी सोडायचं?

दर्यावर्दी:
अजिबात सहमत नाही. अलास्का घ्या. जूनअखेरीस तिथल्या जुनो बंदरात सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास, आणि जहाज बऱ्याचदा रात्रीपर्यंत बंदरातच असतं. देवमासे बघायला गेलेला माणूस परत येईपर्यंत पहिली पंगत उठलेली असते. दुसऱ्या पंगतीला बसलं तर स्टार्टरपासून गोडापर्यंत सगळं आटपायला दहा वाजतात, लहान मुलं खुर्चीतच झोपतात. एवढा खर्च करून गेल्यावर समोरचा डोंगर, हिमनदी सोडून जेवायला पळायचं? त्यापेक्षा वेटरला रोज चार वाक्यं सांगणं परवडलं. शिवाय ठरलेल्या पंगतीत पुष्कळदा अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसवतात. नाही जमलं की टेबल बदलायला हेडवेटरच्या विनवण्या करा.

खमंग:
+१ दर्यावर्दी. क्रूझ कंपनीच्या ॲपवर रोजचं साडेसातचं आरक्षण आधीच करून ठेवायचं. दोन्ही साधतं.

निळाई:
@खमंग, ॲप वेळ राखून ठेवतं, वेटर नाही. 'तोच वेटर द्या' असं दारात सांगता येतं, पण त्याची टेबलं भरलेली असली की एकतर थांबा, नाहीतर दुसरीकडे बसा. आणि साडेसात सगळ्यांनाच हवी असते, कारण पुढे थिएटरमधला शो असतो. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाईला त्या गर्दीत दाराशी तिष्ठत उभं करून सोय कोणाची झाली?
@दर्यावर्दी, जुनोसारख्या दिवशी बुफे आहेच. एक रात्र डायनिंग रूममध्ये गेलं नाही म्हणून टेबल कोणी काढून घेत नाही.

मडगावची:
माझा भाऊ जहाजावर असिस्टंट वेटर होता (आमच्या गोव्यातल्या सासष्टीत जहाजावर जाणारे पुष्कळ), म्हणून त्या बाजूचं लिहिते. त्याला ठरलेली टेबलं आवडायची. किती माणसं कधी येणार हे स्वयंपाकघराला माहीत असतं, ताटं वेळेवर निघतात आणि वेटरला माणसं ओळखीची होतात. पूर्वी शेवटच्या रात्री टिपची पाकिटं हातात मिळत. आता बहुतेक कंपन्या रोजची माणशी रक्कम प्रवाशाच्या खात्यावरच लावतात.

पण आहाराबद्दल निळाईताईंचं म्हणणं मला निम्मंच पटलं. ॲलर्जी किंवा जैन जेवण ही वेटरच्या आठवणीवर सोडायची गोष्टच नव्हे. निघायच्या काही आठवडे आधी कंपनीला लेखी कळवा आणि जहाजावर चढलात की त्याच दिवशी हेडवेटरला गाठून खात्री करून घ्या. हे वेळ कुठलीही घेतली तरी करायलाच हवं.

निळाई:
लेखी कळवावंच, पूर्ण मान्य. पण अर्जात आहाराचा प्रकार, ॲलर्जी असंच काही लिहिता येतं. आईला बर्फाचं पाणी चालत नाही, बाबांना जेवण झाल्या झाल्या चहा लागतो, हे कुठल्या रकान्यात लिहू? परक्या मुलखात आई-बाबांना दर वेळी इंग्रजीत मागायचा संकोच होतो, मग ते मागतच नाहीत. ओळखीचा वेटर न मागता आणून ठेवतो, आणि ते पोटभर जेवतात. मला याचंच मोल आहे. डिस्नेच्या जहाजांवर रोज रेस्टॉरंट बदलतं, पण वेटर तुमच्याबरोबर येतात. त्यांनी काय जपलंय ते बघा.

दर्यावर्दी:
डिस्नेतही जेवायची वेळ ठरलेलीच असते, आणि माझा आक्षेप त्या वेळेलाच आहे. संकोचाचा मुद्दा मात्र पटला, त्याचा मी विचार केला नव्हता. कॅरिबियनमध्ये जहाज बऱ्याच बंदरांतून चार-पाचलाच निघतं, तिथे ठरलेल्या पंगतीने काही बुडत नाही. आई-बाबांना घेऊन तिकडे गेलो तर दुसरी पंगत घेईन. अलास्काला नाही.

मडगावची:
मग बुकिंग करतानाच मागून घ्या. उशीर झाला तर हवी ती पंगत मिळेलच असं नाही, प्रतीक्षायादीत नाव लावून बसावं लागतं.