मदत हवी आहे: फेरारी एफ४३० स्पायडर घ्यावी का? (तातडीचं)

म्युनिककर
एफ४३० स्पायडर (उघडणाऱ्या छपराची) पाहिली आहे. लाल, आतून फिकट तपकिरी चामडं, ३८ हजार किमी. विकणारा शुक्रवारपर्यंत बयाणा मागतोय. चालवायला कमी, ठेवायला जास्त. पुढे मागणी राहील का, की तिच्यानंतरच्या ४५८ स्पायडरसाठी थांबू? "त्यापेक्षा म्युच्युअल फंड" वगैरे सल्ले नकोत. लवकर सांगा.

टर्बोतात्या
गिअरबॉक्स कोणता? साल? गाडी कुठे आहे? सगळा खेळ ज्यावर आहे तेच लिहिलेलं नाही आणि वर घाई.

कोथरूडी_बुलेट
माझं ऐका, अल्फा रोमिओ ४सी स्पायडर घ्या. कार्बन फायबरचा टब (मूळ सांगाडा) ६५ किलोचा, पॉवर स्टिअरिंग नाही, २०२० नंतर बंद. खरी कलेक्टर गाडी ती.

टर्बोतात्या
४सीत मॅन्युअल मिळालीच नाही, फक्त ड्युअल क्लच, म्हणजे क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक. छप्परही हातानेच काढून ठेवायचं. वेगळा धागा काढा.

म्युनिककर
२००७, मॅन्युअल. म्हणून तर बघतोय! गाडी इटलीत, बोलोन्याजवळ.

गेटेड_गिअर
मग ४५८शी तुलनाच नको. ४५८ फक्त ड्युअल क्लचमध्ये आली. इंजिन मध्यभागी, व्ही८ आणि उघड्या गेटची मॅन्युअल (लिव्हर धातूच्या पट्टीतल्या खाचांतून फिरतो), हा मेळ फेरारीत एफ४३०वर संपला. त्यात टर्बो नाही, ४३०८ सीसी, ८५०० फेऱ्यांना ४९० पीएस. टायमिंगला चेन आहे, आधीच्या ३६०सारखा दर तीन वर्षांनी बेल्ट बदलायचा खर्च नाही. कागदोपत्री एफ१ गिअरबॉक्स (क्लच पेडल नाही, क्लच हायड्रॉलिक पंपावर, गिअर स्टिअरिंगमागच्या पॅडलने) जादा पैशांचा पर्याय होता, पण बहुतेकांनी तोच घेतला. म्हणून मॅन्युअल कमी आणि भाव बराच वर.

तोच भाव बघून एफ१ गाड्या मॅन्युअल करून देणारेही आहेत. तुमची कारखान्यातूनच तशी निघाली का? सर्व्हिसची बिलं टाका.

पाना_नं_१३
बिलं येईपर्यंत प्रत्यक्ष काय बघायचं ते सांगतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या): मूळचे तडकतात. नळ्या पातळ, भोवती बंद आवरण, उष्णता आतच कोंडते. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. टिकटिक येऊन गरम झाल्यावर कमी होत गेली तर तडा धरून चाला. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आत गाडी गरम करून ठेवली असेल तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

छप्पर: इंजिन चालू ठेवून उघडझाप करा, दोन-तीनदा. हायड्रॉलिक सिलिंडरची सीलं गळतात, कडेच्या अस्तरावर तेलाचे डाग शोधा. आतले इलॅस्टिक पट्टे सैल पडले की कापड घडीत अडकून फाटतं. मध्येच थांबलं तर बहुधा पोझिशन सेन्सर.

रंग (परत मारलाय का बघायला जाडी मोजा): बॉडी अॅल्युमिनियमची आहे. फक्त लोखंडावर चालणारा जाडीमापक आकडाच दाखवणार नाही, नॉन-फेरस, म्हणजे लोखंड नसलेल्या धातूवरही मोजणारा न्या. बंपर प्लास्टिकचे, तिथे नुसते डोळे.

ब्रेक सिरॅमिक असतील तर जाडी मोजून समाधान मानू नका. चकतीवर किमान वजन कोरलेलं असतं, काढून वजनच करावं लागतं. आतली बटणं चिकट झालेली असतात, त्यावर घासाघीस करा पण गाडी नाकारू नका. थिनरने पुसलेली असतील तर मात्र अक्षरंही गेलेली असतात.

टर्बोतात्या
मॅनिफोल्ड सरळ जाड स्टीलचे बाहेरचे बसवायचे, विषय संपला.

पाना_नं_१३
चालवणाऱ्यासाठी, हो. हे ठेवणार आहेत. बसवा, पण काढलेले मूळचे खोक्यात जपून ठेवा.

टर्बोतात्या
तडकलेले जपून करायचं काय? लोणचं?

पाना_नं_१३
वेल्डिंग करून घ्यायचं. पुढचा गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतो.

म्युनिककर
बिलं मिळाली. २०११: क्लच झीज ६२ टक्के, नवीन क्लच. २०१३: पंप रिले. २०१९: क्लच मास्टर सिलिंडर, पेडल. बाकी तेल, फिल्टर, ब्रेक ऑइल. ठीक आहे ना?

गेटेड_गिअर
नाही. क्लचची टक्केवारी टेस्टरवर (गाडीला जोडून तपासायच्या यंत्रावर) फक्त एफ१मध्ये दिसते, मॅन्युअलमध्ये ती मोजणारा सेन्सरच नसतो. पंप रिले म्हणजे एफ१चा हायड्रॉलिक पंप. आणि २०१९ला पेडल कशाला घातलं? तेव्हा रूपांतर झालंय.

म्युनिककर
विकणारा म्हणतो गेट आणि लिव्हर अस्सल फेरारीचेच आहेत, फरक काय पडतो?

गेटेड_गिअर
चालवताना फारसा नाही. भावात पडतो. फेरारी क्लासिकेचं (कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या विभागाचं) प्रमाणपत्र वीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला मिळतं, तुमची २०२७मध्ये त्यात बसेल. तिथे गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का, हेच तपासतात. अधिकृत विक्रेत्याला चासी क्रमांक द्या आणि मूळ गिअरबॉक्स कोणता ते लेखी मागा. त्याआधी बयाणा देऊ नका.

सांगलीकर_दुबई
अवांतर: ही नंतर पुण्याला नेता येते का? मुलं तिकडेच आहेत.

टर्बोतात्या
नाही. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. ही दोन्हीत नापास.

म्युनिककर
बयाणा थांबवला. पण गाडी स्वच्छ आहे हो. एफ१च्या भावात दिली तर घेऊ का?

पाना_नं_१३
काढलेलं सगळं सामान सोबत मिळालं तरच. पंप, अॅक्च्युएटर, गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट, स्टिअरिंगमागचे पॅडल, मूळ कन्सोल आणि वायरिंग. वायरिंग कापलेलं आहे की नुसतं कनेक्टर काढून बांधून ठेवलंय, ते गाडी लिफ्टवर घेऊन बघा. कापलेलं असेल तर परत एफ१ करणं डोकेदुखी, त्याचे पैसे वेगळे कापा.

कोथरूडी_बुलेट
४सीत हे झंझटच नाही.