पंचवीस सांगितलं की ५२ लिहितोय

शाहूपुरीची आई
लेक पहिलीत आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, पण पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहितो. ४७ दाखवून विचारलं, यातला ४ म्हणजे किती? तर म्हणाला, "चार." पाटी भरून गिरवून घेतलं. दोन दिवस बरोबर आलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. काल त्याला ओरडले, रडत झोपला. फार वाईट वाटतंय. काय करू?

पहिलीच्या बाई
ताई, जरा त्याच्या कानानं ऐका. पंच-वीस. आधी पाच, मग वीस. ऐकलं तसं पोरगं लिहितंय, म्हणजे लक्ष देऊनच लिहितंय. एकोणतीस तर त्याहून अवघड, ऐकू येतं तीस आणि दशक मात्र दोनच.

गिरवणं आठवडाभर बंद करा. खराट्याचे हीर मोडून सारख्या काड्या करा. माझ्या वर्गात निम्मी पोरं ऊसवाल्यांची, म्हणून मी गठ्ठा म्हणत नाही, मोळी म्हणते. दहा काड्या झाल्या की रबर लावून मोळी. बांधायची मात्र त्यानंच, तुम्ही आयती देऊ नका. दहा मोजून रबर ओढताना त्याला कळतं, की दहा होत्या त्याची आता एक झाली. मोळ्या डावीकडं, सुट्या उजवीकडं, त्याखाली पाटीवर आकडे. संख्येचं नाव सगळ्यात शेवटी.

गेल्या वर्षी एका मुलीनं ५२ नि २५ शेजारी मांडले. बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "बाई, हितं पाच मोळ्या हायत, तितं पाच काड्याच." त्यानंतरही ती चुकली, पण मोळ्यांकडं बघून आपली आपण खोडायला लागली.

दहाची नोट इतक्यात देऊ नका. नोटेच्या आत दहा रुपये दिसत नाहीत, मोळी सोडून बघता येते. पुढं वजाबाकीत ३४ मधनं ६ काढताना तीच मोळी सोडायची आहे.

निपाणीकडची मावशी
माझी आई कन्नड. कन्नडात पंचवीसला इप्पत्तैदु, म्हणजे वीस-पाच, लिहितो त्याच क्रमानं. २०१९ ला दुसरीच्या बालभारतीत 'वीस पाच' असं वाचनही आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ते तेव्हाच पटलं होतं. पंचवीस म्हणूच, पण अडलेल्या पोराला आधी वीस-पाच म्हणू द्या.

शाहूपुरीची आई
काल खराटा सोडला. ४१ काड्या निघाल्या. चार मोळ्या, एक सुटी. लिहिलं १४. मी गप्प बसले. त्यानं मोळ्यांवर बोट ठेवलं, "मोळ्या पहिल्या की," म्हणाला नि पुसून ४१ केलं. आज एक काडी हरवली. आता विचारतोय, सुटी एकपण नाही, मग उजवीकडं काय लिहू?

पहिलीच्या बाई
शून्य, पण लगेच सांगू नका. नुसता ४ लिहू द्या आणि विचारा, ह्या चार मोळ्या का चार काड्या?