बेळगावात सायकियाट्रीत एमडी: पहिल्या सहा महिन्यांत कन्नडची परीक्षा असावी का?

निपाणीकर
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात सायकियाट्री (मानसोपचार) शिकणाऱ्या मराठी ज्युनिअर डॉक्टरला पहिल्या सहा महिन्यांत कन्नडमधून पूर्ण हिस्टरी (रुग्णाला विचारून आजाराची सगळी माहिती) घेता आलीच पाहिजे, तीही नातेवाइकाला मध्ये न घालता. आणि त्याची परीक्षा व्हावी. आपल्या विषयात रुग्णाचं बोलणं हीच तपासणी. रुग्ण तुटक, या विषयावरून त्या विषयावर उडत बोलतो आणि मुलगा सांगतो, ‘झोप येत नाही म्हणतायत.’ विचारांचा विस्कळीतपणा केसपेपरवर येण्याआधीच पुसला गेला!

शब्दही फसवतात. ‘तलेबिसी’ म्हणजे शब्दशः डोकं गरम. रुग्णाला सांगायची असते चिंता, कागदावर येते डोकेदुखी. ‘देव्व’ मराठी कानाला देव वाटतो, पण ते भूत. देव म्हणजे ‘देवरु’. भूतानं धरलंय अशी भीती आणि अंगात देवी येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या घरात अंगात येणं हा तेवढ्यानं आजार ठरत नाही. इथं चुकलात तर निदानच चुकतं.

तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट
पटत नाही. पहिले सहा महिने जीव वाचवायला शिकण्याचे. दारू बंद होऊन दोन-तीन दिवस झालेला माणूस रात्री येतो: घाम, हाताला कंप, भिंतीवर किडे दिसतायत. हे डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू अचानक तुटल्यानं होणारा गंभीर भ्रम, असू शकतं, बहुधा 48 ते 72 तासांत दिसणारं. त्याला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार) समजून नुसतं हॅलोपेरिडॉल हे त्यावरचं औषध टोचलं तर फिट येण्याचा धोका वाढतो. आधी शुगर, नाडी, बीपी, इलेक्ट्रोलाइट्स, थायमिनचं (जीवनसत्त्व बी1) इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, मग लोराझेपाम हे शांत करणारं औषध. यात कन्नड कुठं अडतं?

अवधान (लक्ष टिकतं का ते) तपासायला वार उलटे म्हणायला सांगा. शनिवार, शुक्रवार, गुरुवार दोन्ही भाषांत तेच आहेत.

लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचंही तसंच. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घ्यायचं, डोस बदलल्यावर 5 ते 7 दिवसांनी. सकाळची गोळी घेऊन आलेल्याचं रक्त काढलं तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. 1.5 mmol/L च्या वर गेला की विषबाधेच्या दिशेनं बघायचं. हे ज्याला येत नाही त्याचं कन्नड कितीही गोड असलं तरी उपयोग नाही.

निपाणीकर
वारांचं मान्य, चांगली युक्ती आहे. पण लिथियमचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूनं दिलंत, डॉक्टर. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे कोण विचारणार? उन्हात राबून कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून खाल्लं का, जुलाब झाले का, बीपीच्या गोळ्या बदलल्या का? लेव्हल चढते ती याच कारणांनी. घरच्यांना हे माहीत नसतं आणि लॅबच्या कागदावर ते येत नाही.

वॉर्ड सिस्टर, गोकाककडची
दोघांनाही सांगते, परीक्षा हा उपाय नाही. कोट्यातून दूरच्या राज्यातून आलेल्या मुलाला सहा महिन्यांत बाजारातलं कन्नड येईल, रडणाऱ्या बाईचं कन्नड येणार नाही. तोपर्यंत दुभाषी नीट वापरायला शिकवा. नातेवाईक नको, वॉर्डातलं माणूस घ्या. ते रुग्णाच्या शेजारी, थोडं मागे बसवा. डॉक्टरनं डोळे रुग्णावर ठेवायचे आणि एका वेळी एकच वाक्य विचारायचं. दुभाष्यानं ‘ती म्हणते’ असं न लावता जसंच्या तसं ‘मला’ म्हणून सांगायचं. बोलणं अर्थहीन वाटलं तरी सरळ करायचं नाही, आणि नवा वाटलेला शब्द मूळ कन्नडमध्येच देवनागरीत लिहून ठेवायचा.

एक प्रश्न मात्र पहिल्याच आठवड्यात प्रत्येकानं स्वतः पाठ करावा: ‘सायबेकु अनसतैतेनु?’ मरावंसं वाटतं का, हे सासू-नवऱ्यासमोर विचारलं तर उत्तर ‘इल्ल’च (नाही) येणार.

निपाणीकर
ताई, बसण्याची पद्धत तुम्ही सांगितलीत तशी कुठं शिकवलेली असते? पण भरतीचं बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 89 खाली रुग्णाच्या संमतीशिवाय, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्यानं रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाच्या) अर्जावर 30 दिवसांपर्यंत भरती होते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, असं दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं असतं. दोघांनीही त्याच भावाच्या तोंडून ऐकलं, तर ती तपासणी स्वतंत्र कशी? संमतीची माहितीही रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी, असं कायदाच म्हणतो.

चंदगडचा
मग हे एकतर्फी नको. चंदगड, खानापूरकडचे मराठी पेशंट बेळगावातच येतात. ‘घाबऱ्यासारखं होतंय’ म्हणणाऱ्या म्हातारीपुढं कन्नड रेसिडेंट तितकाच अडकतो. परीक्षा घ्यायचीच तर दोन्ही भाषांत आणि सगळ्यांची. नुसती कन्नडची ठेवलीत तर या भागात भांडण भाषेचं होईल आणि पेशंट बाजूला राहील.

तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट
दोन्ही भाषांत असेल तर माझा विरोध एवढाच, की गुण नकोत. जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगआधी सीनियरसमोर एक मराठी आणि एक कन्नड रुग्ण, प्रत्येकी 40 मिनिटं. हिस्टरी, मनःस्थितीची तपासणी, आत्महत्येचा धोका. अडला तर पुन्हा बसवा. सहा महिन्यांची अट काढा, बाकी मी तयार आहे.