रोटेनोन दिलेल्या उंदरांच्या मेंदूचे प्रोटिओमिक्स : नमुना कुठला घ्यावा आणि यादीचा अर्थ कसा लावावा?

दांडियाबाजारकर

नमस्कार. मी बडोद्याला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विस्टार जातीच्या उंदरांना काही आठवडे रोटेनोन टोचून त्यांच्या मेंदूतील प्रथिनांत काय फरक पडतो, हे प्रोटिओमिक्सने (शेकडो-हजारो प्रथिने एकदम मोजण्याच्या पद्धतीने) प्रबंधासाठी पाहायचे ठरले आहे. रोटेनोन हे काही वनस्पतींच्या मुळांतून मिळणारे कीटकनाशक असून, ते दीर्घकाळ दिल्यास उंदरांत पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगातून पुढे आले होते. मास स्पेक्ट्रोमीटरवरचे (प्रथिनांचे तुकडे वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावरचे) काम आम्हांला बाहेरून पैसे भरून करून घ्यावे लागणार असल्यामुळे नमुने थोडेच पाठवता येतील. तेव्हा पूर्ण मेंदू वाटून एकच नमुना करावा की त्याचा ठरावीक भाग घ्यावा? शिवाय शेकडो बदललेल्या प्रथिनांची यादी हाती आली, तर त्यांतले रोगाचे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कसे ठरवायचे? घरच्यांचा प्रश्न आणखी सोपा आहे : मेंदू कशाला, रक्तच का तपासत नाही?

विश्वामित्रीकाठ

पूर्ण मेंदू वाटू नका. पार्किन्सनमध्ये प्रामुख्याने मरतात त्या मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातील डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी, आणि त्यांची टोके पोहोचतात ती मेंदूच्या स्ट्रायटम या दुसऱ्या भागात. उंदराच्या अख्ख्या मेंदूत या पेशींचा वाटा इतका नगण्य असतो की, त्या सगळ्या नाहीशा झाल्या तरी वाटलेल्या नमुन्यात त्याचा मागमूस लागणार नाही. हे दोन भाग बर्फावर वेगळे काढून तत्काळ द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावेत. त्याआधी हृदयातून थंड सलाइन सोडून मेंदूतले रक्त धुऊन काढणे अत्यावश्यक आहे. यकृत फिकट पडले की धुणे नीट होत आहे असे समजावे. हे टाळले तर यादीच्या अग्रभागी हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन ही रक्तातली प्रथिने येऊन बसतील, आणि एखाद्या नमुन्यात रक्त जास्त राहिले म्हणून दिसलेला फरक विषाचा परिणाम म्हणून लिहिला जाईल.

आता कारण आणि परिणाम. समजा, डोपामिन बनवण्याच्या साखळीतील टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) उपचारित, म्हणजे रोटेनोन दिलेल्या, उंदरांत घटलेले दिसले. त्याचा अर्थ प्रत्येक पेशीत ते कमी झाले असा असू शकतो, किंवा ते धारण करणाऱ्या पेशीच मेल्या आहेत असाही असू शकतो, आणि केवळ प्रोटिओमिक्सच्या आकड्यांवरून या दोहोंत भेद करता येत नाही. त्याचप्रमाणे जीएफएपी हे प्रथिन वाढलेले दिसले, तर ॲस्ट्रोसाइट या मेंदूतील आधारपेशी चेतवल्या गेल्या एवढेच म्हणता येईल, कारण मेंदूला कोणतीही इजा झाली तरी ते वाढते. म्हणून काही उंदीर पेशी मरण्याच्या आधीच्या टप्प्यावर घ्यावेत, आणि शक्य तेथे मेंदूचा एक अर्धा भाग प्रथिनांसाठी व दुसरा रंजन करून (रंग देऊन) पेशी मोजण्यासाठी ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, रोटेनोन मायटोकॉन्ड्रियातील (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातील) कॉम्प्लेक्स-1 हा प्रथिनसमूह अडवते, पण ते त्याला कायमच्या रासायनिक बंधाने चिकटत नाही. गिरणी बंद पडली तरी आतली यंत्रे जागच्या जागी असतात, तसे येथे होते. या कॉम्प्लेक्सचे घटक मोजाल तेव्हा ते पूर्ववत भरण्याची शक्यता आहे आणि तरीही त्याचे काम थांबलेले असेल. त्यामुळे त्याच ऊतीच्या तुकड्यातून कॉम्प्लेक्स-1 ची क्रियाशीलता वेगळ्या चाचणीने मोजलीच पाहिजे; ती नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि विचारावाच.

रावपुरा_काका

वरील मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. सगळीच विषे रोटेनोनसारखी मागमूस न ठेवता काम करत नाहीत. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेज या चेतासंस्थेतील विकराच्या सक्रिय जागी असलेल्या सेरिन या अमिनो आम्लाला सहसंयुज (पक्क्या रासायनिक) बंधाने जखडतात. डायइथिल गटाच्या कीटकनाशकांत त्या ठिकाणी सुमारे 136 डाल्टनची (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) भर पडते, आणि ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने तोडलेल्या तुकड्याच्या वस्तुमानात ती मास स्पेक्ट्रोमीटरला पकडता येते. विकराचे प्रमाण तेवढेच, पण त्यावरचा शिक्का वेगळा. हेक्झेन या द्रावकाच्या बाबतीत तर शरीरात तयार होणारे 2,5-हेक्झेनडायोन न्यूरोफिलामेंट या चेतातंतूंतील प्रथिनांच्या लायसिन अमिनो आम्लांना चिकटून त्यांना एकमेकांत गुंतवते, आणि कामगारांना हातापायांना मुंग्या येऊन बधिरता वाढत जाते. अशा विषांचा अभ्यास करताना ‘किती’ याच्या आधी ‘कशाला काय चिकटले’ हे शोधावे, आणि विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळेला तसे आधीच सांगावे. संगणकाला जो बदल शोधायला सांगितलाच नाही, तो नेहमीच्या शोधात बहुधा निसटतो.

डॉक्टर_अलकापुरी

घरच्यांच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. रक्तद्रवातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक एकटे अल्ब्युमिन असते, आणि मेंदूतून झिरपलेली प्रथिने त्याच्या कित्येक कोटी पटींनी कमी असतात. रक्तात मोजता येणारे न्यूरोफिलामेंट लाइट उपयोगाचे आहे खरे, पण चेतातंतूंना इजा झाली एवढेच ते सांगते. ती इजा विषाने, पक्षाघाताने की अल्झायमरने, हे त्यातून कळत नाही. पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी मेंदूच्या अधिक जवळचे असते, परंतु सुई घालताना त्यात रक्ताचा थेंब मिसळला तरी मोजमाप बिघडते.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. काका, एक शेवटची शंका : नमुने दोन खेपांत पाठवले, पहिल्या खेपेत सर्व नियंत्रण गटाचे (रोटेनोन न दिलेल्या उंदरांचे) आणि दुसऱ्या खेपेत उपचारित, तर चालेल का? उंदीर त्याच क्रमाने तयार होणार आहेत.

रावपुरा_काका

मुळीच चालणार नाही. यंत्राची संवेदनशीलता खेपेगणिक बदलते, आणि मग खेपेतला फरक व विषाचा फरक यांची फारकत कोणत्याही संख्याशास्त्राने करता येत नाही. उणे 80 अंशांवर सगळे नमुने जमवावेत, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा, आणि प्रत्येक खेपेत दोन्ही गट येतील असे पाहावे. सर्व नमुन्यांचा थोडा थोडा अंश एकत्र करून केलेले मिश्रण मधून मधून चालवायला सांगावे, म्हणजे यंत्र कुठे ढळले ते दिसेल. हातमोजे न घालता नळ्या हाताळू नका, अन्यथा स्वतःच्या कातडीचे केराटिन मोजण्याचे पैसे भराल. आणि हजारो प्रथिनांची एकदम तुलना करताना साधे 0.05 (फरक योगायोगाने दिसण्याची पाच टक्क्यांची मर्यादा) पुरत नाही. खोट्या शोधांचे प्रमाण आवरणारी दुरुस्ती केल्यानंतर जी प्रथिने उरतील, त्यांतली दोन-तीन वेस्टर्न ब्लॉटने (प्रतिपिंडाने एकेक प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीने) पडताळून पाहा.