मदत हवी आहे: फॉक्सप्रोमधल्या जुन्या बिलिंगमधून ईआरपीनेक्स्टमध्ये गिऱ्हाइकांची माहिती कशी न्यावी?

काजूबोंडू

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्यात काजू प्रक्रियेचा कारखाना आणि हंगामात हापूसच्या पेट्या, असा धंदा आहे. बिलिंग फॉक्सप्रो ह्या जुन्या डेटाबेस भाषेत लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमवर चालतं आणि तो लिहिणारे गृहस्थ आता हे काम करत नाहीत. ईआरपीनेक्स्ट हे बिलं-हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आहे, सोबत त्याचं जीएसटीसाठीचं इंडिया कम्प्लायन्स ॲप. चाचणीची साइट तयार आहे. खाती साधारण चार हजार: पुण्या-मुंबईची किरकोळ गिऱ्हाइकं, गावी घर असलेले चाकरमानी, गोव्यातली हॉटेलं, कोल्हापूर-बेळगावचे व्यापारी.

अडलंय ते असं. फॉक्सप्रो माहिती ठेवतो ती डीबीएफ फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. एकाच नावाची, एकाच गावची पाच-सहा खाती आहेत. आंब्याच्या बुकिंगची आगाऊ रक्कम आणि रिकाम्या क्रेटची अनामत एकाच खात्यात मिसळली आहे. आणि मागची सगळी बिलं न्यायची की फक्त बाकी? आमचे सीए १ एप्रिललाच बदला म्हणतात.

कोणी नीट क्रम सांगेल का?

डीबीएफवाला

आधी फाइल बाहेर कशी काढायची ते सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं आणि कळतं महिन्याभराने.

संपूर्ण फोल्डरची प्रत घ्या, एकट्या डीबीएफची नको. शेरे, लांबलचक पत्ते असा मजकूर मेमो फील्डमध्ये असतो आणि मेमो शेजारच्या एफपीटी फाइलमध्ये राहतो. ती मागे राहिली तर तो रकाना रिकामा येतो. सीडीएक्स ही नुसती इंडेक्स फाइल, तिच्यात माहिती नसते. प्रत घेताना प्रोग्रॅम सगळ्या मशीनवर बंद हवा.

डीबीएफमध्ये पुसलेली नोंद लगेच जात नाही. तिच्यावर फक्त खूण पडते आणि पॅक ही साफसफाईची आज्ञा चालवेपर्यंत ती फाइलमध्येच असते. काही कन्व्हर्टर अशा नोंदीही उचलून आणतात. तुमच्या पाच-सहा सारख्या खात्यांतली एक-दोन अशी पुसलेली असू शकतात. तेव्हा प्रोग्रॅमच्या यादीतली संख्या आणि बाहेर आलेल्या ओळींची संख्या आधी ताडून बघा.

उघडायला लिब्रेऑफिस कॅल्क वापरा. फाइल उघडताना ते कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांची पद्धत, विचारतं. तिथे यूटीएफ-८ निवडू नका, विंडोज-१२५२ निवडा. खिचडी तशीच दिसेल, पण प्रत्येक बाइट शाबूत राहील. तुमची नावं बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, म्हणजे फाइलमध्ये देवनागरी नाहीच, फॉन्टच्या आकारांचे क्रमांक आहेत. प्रोग्रॅममध्ये कोणता फॉन्ट बसवला आहे ते बघून त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर घ्या. माहिती डॉसच्या काळातली, सी-डॅकच्या जिस्ट कार्डवर (डॉसमध्ये भारतीय लिपी दाखवणारं कार्ड) टाइप केलेली असेल तर ती इस्की ह्या युनिकोडआधीच्या भारतीय संकेतात असते. तिचा कन्व्हर्टर वेगळा.

कन्व्हर्टर चालवल्यावर पहिली वेलांटी आणि रफार हे दोन तपासाच. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं उलटं. म्हणून 'तिर्लोट'सारखं नाव चाचणीला उत्तम, दोन्ही गोष्टी एकाच शब्दात आहेत. दुसरं 'मिऱ्या'. त्याचं 'मिर्या' झालं असेल तर कन्व्हर्टरला अर्धा र कळलेला नाही आणि सगळे 'किनाऱ्यावर', 'कोपऱ्यावर'वाले पत्ते चुकलेले असणार.

ह्याच अक्षरात आणखी एक खोच आहे. 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो: एक अखंड अक्षर, किंवा र आणि त्याखाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. मग शीटमध्ये जुळती ओळ शोधणारा व्हीलुकअप 'सापडलं नाही' म्हणतो आणि माणूस तासभर स्क्रीनकडे बघत बसतो. कन्व्हर्टरनंतर सगळा मजकूर एकदा एनएफसी नॉर्मलायझेशनमधून काढा, ते अशी दुहेरी रूपं एकसारखी करतं. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये एका ओळीचं काम आहे.

खतावणी

वरचं सगळं झालं असं धरून पुढचं लिहिते.

पहिली गोष्ट: जुन्या प्रोग्रॅममधला गिऱ्हाईक कोड टाकून देऊ नका. ईआरपीनेक्स्टच्या कस्टमर डॉकटाइपमध्ये (डॉकटाइप म्हणजे नोंदीचा प्रकार) 'जुना कोड' नावाचं कस्टम फील्ड करा आणि त्यावर 'युनिक'ची खूण लावा. अख्खी बदली ह्या एका रकान्यावर उभी राहते. नाव हा तुमच्याकडे ओळखीचा आधार होऊच शकत नाही, सिंधुदुर्गात एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं असतात.

सेलिंग सेटिंग्जमध्ये 'कस्टमर नेमिंग बाय' हे आयात करण्याच्या आधी नेमिंग सिरीजवर (आपोआप मिळणारे क्रमांक) ठेवा. ते कस्टमर नेमवर राहिलं तर नाव हाच आयडी होतो आणि सारख्या नावांची खाती एकमेकांत अडतात. मात्र नेमिंग सिरीज ठेवली की तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा चालवल्यावर सगळी खाती मुकाट दुप्पट होतात. युनिक जुना कोड असेल तर ती ओळ तिथेच अडते. म्हणून म्हटलं, तो रकाना आधी.

एकत्रीकरण शीटमध्येच करा. ईआरपीनेक्स्टमध्ये नंतर रिनेम करताना मर्ज करता येतं, पण ते मागे घेता येत नाही. नियम सोपा ठेवा. नाव आणि मोबाइल दोन्ही सारखे असतील तर बहुधा एकच माणूस, पत्ता बघून एकत्र करा. मोबाइल सारखा पण नाव वेगळं, तर एकत्र करू नका. गावच्या आईवडिलांच्या खात्यावर मुंबईच्या मुलाचा नंबर असणं आपल्याकडे रोजचंच आहे. नाव सारखं, मोबाइल वेगळा, तर हात लावू नका.

चाकरमान्यांचं खातं एक, पत्ते दोन. मुंबईचा बिलिंग, गावचा शिपिंग. जुन्या प्रोग्रॅममध्ये लोकांनी ह्यासाठी दोन खाती उघडलेली असतात, ती ह्या निमित्ताने जुळतील.

आयातीचा क्रम: टेरिटरी (विक्रीचा विभाग), कस्टमर ग्रुप, कस्टमर, मग ॲड्रेस, मग काँटॅक्ट. ॲड्रेस हा वेगळा डॉकटाइप आहे. त्याच्या लिंक्स तक्त्यात लिंक डॉक्युमेंट टाइपमध्ये कस्टमर आणि लिंक नेममध्ये नवा आयडी लागतो. तो आयडी कस्टमर आयात झाल्यावरच तयार होतो. तेव्हा कस्टमर चढवा, आयडी आणि जुना कोड असे दोनच रकाने एक्सपोर्ट करा, व्हीलुकअपने ॲड्रेसच्या शीटला जोडा, मग ॲड्रेस चढवा.

काजूबोंडू

खूप आभार दोघांचेही. 'तिर्लोट' आणि 'मिऱ्या' दोन्ही चुकीचे आले होते, कन्व्हर्टर बदलल्यावर बरोबर आले.

थोड्या ओळी चढवून बघितल्या. काही टेरिटरी सापडत नाही म्हणून अडल्या. फोनचे रकानेही विचित्र दिसताहेत, आणि मडगावच्या गिऱ्हाइकांच्या कोडच्या जागी तारखा आल्या आहेत.

डीबीएफवाला

तिसरं आधी. तुमचे मडगावचे कोड इंग्रजी एम-ए-आर, मग डॅश, मग आकडा असे असणार. मध्येच कुठेतरी सीएसव्ही (रकान्यांची साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली गेली. एक्सेल 'एमएआर-१२'ला १२ मार्च समजतो आणि सेव्ह केलं की मूळ कोड गेलाच. सीएसव्ही कधीही डबल क्लिकने उघडू नका. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट'ने घ्या आणि सगळे रकाने टेक्स्ट ठरवा. बिघडलेल्या ओळी दुरुस्त करत बसू नका, डीबीएफवरून फाइल नव्याने काढा.

फोनचंही कारण तेच. रत्नागिरीचा लँडलाइन शून्यासकट ०२३५२ आणि पुढे सहा आकडे, म्हणजे एकूण ११. एक्सेलने पुढचं शून्य खाल्लं की उरतात बरोबर १०, आणि तो मोबाइलच्या रकान्यात बिनबोभाट बसतो. गाळणी अशी लावा: १० आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा तो बहुधा मोबाइल, पण गोव्याचे ८३२ आणि बेळगावचे ८३१ ने सुरू होणारे लँडलाइन असू शकतात, ते वेगळे तपासा. २ ने सुरू होणारे १० आकडी सगळे लँडलाइन, त्यांना शून्य परत द्या. ९१ लावलेले १२ आकडी नंबर 'ई+११' असे दिसत असतील तर तोच रोग. आणि कन्व्हर्टरने आकडे देवनागरी केले असतील तर फोन, पिन, जीएसटीआयएनमध्ये (जीएसटी नोंदणी क्रमांक) ते इंग्रजी करून घ्या.

तारखांची मात्र काळजी नको. डीबीएफमध्ये तारीख आठ आकडी असते, वर्ष-महिना-दिवस, स्क्रीनवर वर्ष दोनच आकडी दिसलं तरी. तोच क्रम शेवटपर्यंत ठेवा.

खतावणी

टेरिटरी आधी तयार असावी लागते आणि स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं. 'सावंतवाडी ' असं मागे एक स्पेस राहिलं तरी अडतं. पाचशे-पाचशे ओळींचे तुकडे करा. अडलेल्या ओळी 'एक्सपोर्ट एरर्ड रोज'ने वेगळ्या मिळतात, त्या दुरुस्त करून तेवढ्याच परत चढवा. आयात सर्व्हरवर मागे चालते, त्यामुळे मध्येच तुमच्याकडे वीज किंवा नेट गेलं तर घाबरून पुन्हा सुरू करू नका. आधी इम्पोर्ट लॉग बघा.

पिनवरून राज्य भरण्याचा मोह आवरा. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात हे खरं, पण गोव्याचे ४०३ ने होतात. त्या सूत्राने तुमची सगळी गोव्याची हॉटेलं महाराष्ट्रात जातील. मग परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागेल, आणि हे बिल हातात पडेपर्यंत कळत नाही. राज्य जीएसटीआयएनच्या पहिल्या दोन आकड्यांवरून घ्या: २७ महाराष्ट्र, ३० गोवा, २९ कर्नाटक. पुढचे दहा पॅनचे, तेरावा नोंदणीचा क्रमांक, चौदावा बहुधा झेड, पंधरावा तपासणीचा. इंडिया कम्प्लायन्स तो शेवटचा तपासून ओ आणि शून्याची अदलाबदल पकडतं. अडलेला जीएसटीआयएन तर्काने दुरुस्त न करता जीएसटी पोर्टलवर शोधून बघा. गिऱ्हाइकाकडे जीएसटीआयएन नसेल तर कॅटेगरी अनरजिस्टर्ड.

मेमोतल्या शेऱ्यांत कुणाचे आधार क्रमांक लिहिलेले असतील तर ते नव्या ठिकाणी नेऊ नका.

हिशेबनीस

बाकीबद्दल आणि तारखेबद्दल लिहितो.

सीए सांगतात ते पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे, १ एप्रिलला नफा-तोट्याची खाती कोरी असतात. पण हापूसच्या धंद्यात १ एप्रिल म्हणजे ऐन हंगाम. रोज पेट्या सुटताहेत, आगाऊ रकमा वळत्या होताहेत आणि बिलं करणारा माणूस नवा स्क्रीन शिकतोय, हे जमत नाही. माझं स्पष्ट मत: ३० जूनला जुनं बंद, १ जुलैपासून नवं. आंबा संपलेला असतो, गणपतीच्या काजूच्या ऑर्डरी यायच्या असतात. तुम्ही तिमाही रिटर्न भरत असाल तर एप्रिल ते जून ही तिमाहीही तिथेच संपते, एका जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीचं रिटर्न) दोन सॉफ्टवेअरची बिलं येत नाहीत.

त्यात एक काम वाढतं. ईआरपीनेक्स्टच्या ओपनिंग एंट्रीत (सुरुवातीच्या बाकीची नोंद) नफा-तोट्याची खाती चालत नाहीत, एरर येते. एप्रिल ते जूनची विक्री आणि खर्च ३० जूनच्या साध्या जर्नल एंट्रीने घ्या, समोर टेम्पररी ओपनिंग खातं, म्हणजे सुरुवातीच्या नोंदींपुरतं तात्पुरतं खातं.

जुनी फेडलेली बिलं नेऊ नका. फक्त उघडी बिलं न्या, ओपनिंग इन्व्हॉइस क्रिएशन टूलने. प्रत्येक बिलाला त्याची मूळ तारीख आणि देय तारीख द्या. सगळ्यांना ३० जून टाकलंत तर दोन वर्षं थकलेली उधारीही वसुलीच्या यादीत ताजी दिसेल. त्या मूळ तारखांची आर्थिक वर्षं सिस्टिममध्ये आधी तयार असावी लागतात. रक्कम करासकट एकच टाका, जीएसटी पुन्हा लावायचा नाही, तो जुन्या रिटर्नमध्ये भरून झालेला आहे.

आगाऊ रक्कम आणि क्रेट आधी शीटमध्ये वेगळे करा. समजा खात्यावर ५,००० जमा दिसतात. त्यातले ३,२०० पुढच्या बुकिंगचे, १,८०० क्रेटची अनामत. ३,२०० ओपनिंग जर्नल एंट्रीत पार्टीच्या नावे जमा करा आणि 'इज ॲडव्हान्स'ला येस. १,८०० मात्र 'क्रेट अनामत' ह्या वेगळ्या देणे खात्यावर, नाहीतर पुढच्या बिलात ती आपोआप वळती होईल आणि क्रेट परत आल्यावर द्यायला हिशेबात काहीच उरणार नाही. त्या खात्याचा प्रकार पेयेबल ठेवू नका, तो प्रकार पुरवठादारांसाठी असतो. कुणाची किती अनामत ते शीटमध्ये जुन्या कोडसमोर सांभाळा.

ताळा तीन ठिकाणी: खात्यांची संख्या, एकूण येणे आणि एकूण जमा वेगवेगळे (निव्वळ नको, त्यात चुका एकमेकींना झाकतात), आणि सगळ्या ओपनिंग नोंदी झाल्यावर टेम्पररी ओपनिंग खातं शून्य. एक रुपया उरला तरी पुढे जाऊ नका. हे आधी चाचणीच्या साइटवर पूर्ण करा. खऱ्या साइटवर प्रत्येक टप्प्याआधी बॅकअप घ्या, कारण सबमिट झालेली बिलं एकेक रद्द करून पुसणं हे नव्याने सुरू करण्यापेक्षा जास्त काम आहे.

१ जुलैपासून बिलाची सिरीज नवी ठेवा. क्रमांक १६ अक्षरांच्या आत, त्यात अक्षरं, आकडे, डॅश आणि तिरकी रेघ एवढंच चालतं.

काजूबोंडू

१ जुलै सीएंना पटलं, तिमाहीच्या मुद्द्यावर लगेच हो म्हणाले. शेवटचं विचारतो: जुनी बिलं नेली नाहीत तर जुना संगणक किती वर्षं ठेवायचा?

हिशेबनीस

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायचे. २०२४-२५चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ला देय, म्हणजे ते वर्ष ३१ डिसेंबर २०३१पर्यंत. कुठला तपास किंवा अपील चालू असेल तर त्याहून जास्त.

डीबीएफवाला

हिशेब ठेवा, त्या संगणकाच्या भरवशावर राहू नका. खाऱ्या हवेत जुना मदरबोर्ड इतकी वर्षं टिकेल असं धरून चालता येत नाही. बिलं आणि खातेउतारे वर्षवार पीडीएफ करून दोन वेगळ्या जागी ठेवा, सोबत मूळ फोल्डर आणि तो जुना फॉन्टही. फॉन्ट नसेल तर तीच खिचडी पुन्हा समोर येईल. प्रोग्रॅम डॉसच्या फॉक्सप्रोचा असेल तर ६४-बिट विंडोजवर तो थेट चालत नाही, डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स लागतो. तो आत्ताच नव्या मशीनवर चालवून एक जुनं बिल छापून बघा.

काजूबोंडू

डॉसबॉक्समध्ये प्रोग्रॅम उघडला, बिलही छापलं. फॉन्टची प्रत घेतली. आता शीटमध्ये क्रेटची अनामत वेगळी काढायला बसलोय. टेम्पररी ओपनिंग शून्य झालं की इथे कळवतो.